जोडीतला दुसरा

विठ्ठलवाडी, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्या पोरांना डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) पैलवानांचे पत्ते आठवत असतील. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या. ज्याचा आकडा मोठा, त्याचा पत्ता चालला. जोडीने लढणाऱ्या पैलवानाचं खरं काम मात्र या पत्त्यांवर कुठल्याच रकान्यात बसत नसे.

टॅग टीम लढतीत रिंगणात दोघं भिडतात आणि दोघं दोराबाहेर उभे राहतात. साथीदाराच्या हाताला हात लागल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम. लढतीचा मधला बराचसा वेळ एकजण नुसता मार खातो, साथीदाराकडे सरपटत जातो आणि पुन्हा मागे ओढला जातो. प्रेक्षक पेटतात ते त्याच्या हालांमुळे. टाळ्या मात्र ताज्या दमाने आत येणारा घेतो. निकाल आधी ठरलेला असला तरी पडणं खरंच असतं. नीट पडता येणं, वेळ साधणं आणि साथीदाराला मोठं करणं, ही जोडीतल्या दुसऱ्याची विद्या.

आपल्याकडे या खेळाला जुनी परंपरा आहे. मूळचा ट्रान्सिल्व्हेनियाचा अगडबंब किंग काँग आणि आपला टायगर जोगिंदर सिंग या जोडीने १९५५ साली जपानमध्ये अखिल आशियाई जोडी अजिंक्यपद पहिल्यांदा पटकावलं. ते अजिंक्यपद तिथे आजही लढवलं जातं. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’चे सामने गाजले. दारासिंगने १९६८ मध्ये मुंबईतच अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं. त्याचा धाकटा भाऊ रंधावा पैलवानही होता आणि चित्रपटांतही दिसला, पण लोकांच्या तोंडी राहिला तो दारासिंगच.

जोडीतल्या अशा दुसऱ्याचं अलीकडचं ठळक उदाहरण सौरव गुर्जरचं. मध्य प्रदेशातला हा किकबॉक्सर डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत रिंगणात उतरला. अमेरिकेतल्या टीएनए कंपनीचा ‘रिंग का किंग’ हा कार्यक्रम तिथे चित्रित झाला आणि जानेवारी २०१२ पासून कलर्सवर दिसू लागला. सौरवचं त्यातलं नाव होतं ‘डेडली डंडा’. कार्यक्रम एका हंगामात आटोपला. पुढे स्टार प्लसच्या ‘महाभारत’मध्ये तो भीम झाला आणि घराघरांत पोहोचला.

२०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीने त्याला रिंकू सिंगबरोबर करारबद्ध केलं. रिंकू मूळचा भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धा जिंकून तो अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेला होता. २०२० मध्ये दोघांची ‘इंडस शेर’ ही जोडी कंपनीच्या एनएक्सटी या कार्यक्रमात आली. मग कंपनीने जोडी फोडली. रिंकू ‘वीर महान’ झाला आणि त्याच्या आगमनाची जाहिरात महिनोन्‌महिने चालली. सौरव ‘सांगा’ या नावाने वेगळा पडला. २०२२ च्या अखेरीस दोघं पुन्हा एकत्र आले. सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला घरच्या प्रेक्षकांसमोर ते केव्हिन ओवेन्स आणि सामी झेन यांच्याकडून हरले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने दोघांनाही मोकळं केलं. डब्ल्यूडब्ल्यूईत सहा वर्षं काढूनही जोडीच्या कमरेला पट्टा लागला नाही.

दोष त्यांच्या अंगात नव्हता. पावणेसात फुटांच्या आसपासचा धिप्पाड सौरव कुठेही उठून दिसे. भारतातून कंपन्यांनी मागितली ती डब्ल्यूडब्ल्यूईत गाजलेल्या द ग्रेट खलीसारखी धिप्पाड शरीरं. जोडीची विद्या मात्र शेकडो लहान लढतींतून मुरते, आणि ती शिकायला सौरवला मोठेपणी थेट अमेरिकेत, कंपनीचं ऑर्लँडोतलं प्रशिक्षण केंद्र गाठावं लागलं.

मातीतल्या कुस्तीकडे बघितलं की हा फरक कळतो. आपल्याकडच्या गावजत्रांमध्ये फड सुरू होतो तो नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या पोरसवदा कुस्त्यांनी. तिथून पायरीपायरीने पोरगा इनामाच्या मोठ्या कुस्तीपर्यंत चढतो. वाटेत हरणं शिकतो, वस्तादाच्या शिव्या खातो. व्यावसायिक कुस्तीला महाराष्ट्रात अशी शिडीच नाही. खलीने २०१५ मध्ये जालंधरला प्रशिक्षण केंद्र काढलं, त्यातून काही पोरं वर आली. बालेवाडीचा प्रयोग एका हंगामाऐवजी दहा वर्षं टिकला असता, तर सौरवसारख्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रिंगणांत पडण्याचा सराव घरच्या घरी मिळाला असता. नुसता एखादा आडदांड पैलवान परदेशी पाठवून जोडी तयार होत नाही. तिच्यासाठी आधी छोट्या गावांतली तिकिटं विकावी लागतात.