खिळ्यांची छपाई : आरंभ कोठून करावा?

छापखाना म्हटला म्हणजे प्रथम डोळ्यांपुढे उभे राहते ते यंत्र. या विद्येत नव्याने पाऊल टाकणारा मनुष्यही बहुधा यंत्राच्याच शोधास लागतो. परंतु छपाईचा आरंभ यंत्रापासून होत नसून अक्षरापासून होतो. सुरत शहराने हा धडा साडेतीनशे वर्षांपूर्वीच घेतला आहे.

भीमजी पारेख हे सतराव्या शतकातील सुरतेचे मोठे व्यापारी व ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल. येथील प्राचीन ग्रंथ छापून निघावेत, या इच्छेने त्यांनी १६७० च्या सुमारास कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. त्याप्रमाणे १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक वर्षास ५० पौंड वेतनावर, यंत्र, अक्षरे व कागद यांसह मुंबईस रवाना झाला. त्यास छापता येत होते; परंतु येथील लिपीची अक्षरे कोरून ओतण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. यंत्र आले, मुद्रक आला, आणि काम अक्षरापाशी अडले! भीमजींनी मग आपल्या माणसांकरवी बनिया लिपीची अक्षरे करविली. त्यांनी छापलेले कागद सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना वाचनीय वाटले; मात्र अनुभवाच्या अभावी खर्च फार व काम संथ, अशी अडचण राहिली.

पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी घरीच लाकडी यंत्र उभारले, शाईचे प्रयोग केले व १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. खिळ्यांच्या छपाईकडे वळताना मात्र त्यांनाही आधी अक्षरे पाडावी लागली. जावजी दादाजी यांनी तर १८६४ साली खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ साली. हा क्रम नवशिक्याने मनात ठेवण्याजोगा आहे.

आज सुरतेच्या बमरोली भागात मागांचा खडखडाट चालतो. ताणा नीट लागल्यावाचून कापड नीट उतरत नाही, हे तेथील विणकरास सांगावे लागत नाही. छपाईत ताण्याचे स्थान जुळणीस आहे.

खिळा म्हणजे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचा लहानसा ठोकळा. त्याच्या माथ्यावर अक्षर उलटे उठलेले असते. नवशिक्याने एकाच आकाराचा, परंतु पुरा संच मिळवावा. इंग्रजीचे काम थोड्या खिळ्यांत भागते; देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. संच घेण्यापूर्वी त्याचा ठसा काढून पाहावा. शिरोरेषेची टोके झिजली असली, तर शब्द मध्येच तुटल्यासारखा दिसतो.

खिळे केसीच्या खणांतून उचलून डाव्या हातातील स्टिकमध्ये बसवावयाचे असतात. ओळ डावीकडून उजवीकडेच भरते, मात्र अक्षरे पाय वर करून वाचावी लागतात. ही सवय आठवड्या-पंधरवड्यात होते. खिळ्याच्या अंगावर खाच असते. सर्व खाचा एका रांगेत आल्या म्हणजे खिळा उलटा बसला नाही, हे बोटांनाच कळते. ओळीत उरलेली जागा स्पेस घालून भरावी. सैल ओळीतून खिळा निसटतो. फार ताठ ओळ फर्मा फुगविते.

मग मजकूर लोखंडी चौकटीत आवळून किंचित उचलून पाहावा. एकही खिळा हलता कामा नये. रुळावर शाई थोडी घ्यावी. पहिल्या कागदावर काही अक्षरे ठळक, काही पुसट उमटतील. तेव्हा शाई वाढविण्याचा मोह टाळावा. जेथे दाब कमी, तेथे कागदाखालच्या अस्तरात पातळ कागदाचा कपटा चिकटवावा. चांगल्या मुद्रकाचा निम्मा वेळ या कामातच जातो.

छपाई संपताच खिळे पुसून ज्याच्या त्याच्या खणात सोडावेत. शिसे विषारी असल्यामुळे हात धुतल्यावाचून अन्नास शिवू नये. पायट्याच्या यंत्रात कागद सरकला, तर तो सावरण्यास हात घालू नये. यंत्र आधी थांबवावे. पहिले काम म्हणून स्वतःचे नाव व पत्ता पुरेसा आहे.

खिळे पाडणारे बहुतेक कारखाने आता बंद झाले आहेत. जुन्या छापखान्यांतील संच मोडीच्या भावाने विकून वितळविले जातात. संचातील एक मात्रा हरवली, तर तिच्या जोडीची दुसरी बाजारात मिळेलच असे नाही. यंत्र मोडले तर लोहार दुरुस्त करील. अक्षर वितळले की गेलेच. म्हणून नव्याने आरंभ करणाऱ्याने यंत्राचा सौदा करण्याआधी एखादी जुनी केस उघडून तिच्यातील खण मोजावेत. भीमजींना जे मिळविण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, ते तिच्यात धूळ खात पडलेले असेल.