चारांतली एक जमीन

मृगाचा पहिला आठवडा कोरडा गेला. जालन्याच्या मोंढ्यात बियाण्यांच्या दुकानापाशी ओळखीचा एक शेतकरी भेटला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या चर्चमधले आबा सोयाबीनची उगवण तपासतात, तशी पाळकांच्या संदेशाचीबी तपासतात." मी हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून रविवारी गेलोच.

बाहेर चपलांची रांग, आत सतरंजी. गीतं, प्रार्थना, दानार्पण वेळच्या वेळी झालं. मग पाळक पुलपिटाशी आले आणि मंडळी जरा पुढं सरकून बसली. जालन्यात हे ऐकणं जुनं आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनतर्फे पुढं इकडे आले आणि शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. स्कॉटलंडच्या त्या परंपरेत उपासनेचा कणा म्हणजे शास्त्राचं वाचन आणि त्याचा उलगडा. बाकीचं सगळं त्याच्या अलीकडं-पलीकडं.

त्या दिवशीचा शास्त्रपाठ मार्काच्या चौथ्या अध्यायातला होता, पेरणाऱ्याचा दृष्टान्त. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकाळ जागी पडतं, उगवतं आणि उन्हानं करपतं. काही काट्यांत गुदमरतं. चांगल्या जमिनीत पडलेलं मात्र तीसपट, साठपट, शंभरपट देतं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी ज्या गावात महिको सुरू केली, जिथं बियाणं हा गावाचाच धंदा झाला, तिथं हा दृष्टान्त सांगायचा म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखं. पाळकांनाही ते ठाऊक असावं. त्यांनी खडकाळ जमिनीला मुरमाड म्हटलं, काट्यांना हराळी आणि लव्हाळा. लोक हसले, पण मान खाली घालून.

आबा खांबाला टेकून बसले होते. मांडीवर बियाणे कंपनीची जुनी डायरी, बोटांत पेन्सिल. ठिबकवर कपाशी टोबून आले होते. बियाण्याचा गुलाबी रंग अजून नखांत होता. पाळक बोलत असताना त्यांनी एकदाच काहीतरी लिहिलं. बाकी वेळ फक्त पाहत होते. माझं लक्ष पंख्याकडे, दाराशी मोबाइल चाळणाऱ्या पोराकडे आणि पुन्हा त्या गुलाबी नखांकडे. पौलाचं लांबलेलं बोलणं ऐकता ऐकता खिडकीत झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला युतुख शास्त्रातच आहे. तो मला त्या दिवशी फार जवळचा वाटला.

उपासना संपल्यावर "जय ख्रिस्त" म्हणत आबांनी डायरी दाखवली. पानावर एवढंच: चारांतली एक.

"सोयाबीनची उगवण शंभरात सत्तर तरी पाहिजे, नाहीतर बी पेरू नका म्हणतात," ते म्हणाले. "इथं चार ठिकाणी पडलं, पिकलं एकाच ठिकाणी. चारांतली एक. पण येशूनं बियाला बोल लावला नाही. जमिनीला लावला. म्हणजे आपल्याला."

मला हे पाळकांच्या फार सोयीचं वाटलं. रटाळ संदेशाचं खापरही ऐकणाऱ्यावरच फुटणार! तसं म्हटलं, तर आबा म्हणाले, "रटाळ असला तर मीच सांगतो की त्यांना. पण आधी ऐकावं तर लागतं ना भाऊ. बुधवारी घरी या."

बुधवारी ओसरीवर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं. आत दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, शनिवारी मांडलेले. आबा कोंब मोजत होते, नात पाटीवर रेघा ओढत होती. एकसष्ट.

मग दुसरी चाचणी. "रविवारी पाळक काय म्हणाले गं?"

"पाखरं म्हणाले. आणि मधेच पाणी प्यायले."

"आणि?"

ती विचार करत राहिली. आबांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हराळी उपटली तरी मुळी राहते म्हणाले." आबांनी डायरीत टिंब दिलं. आतून सूनबाईंनी चहा आणला. त्यांनाही तोच प्रश्न, त्यांचंही टिंब.

मग माझ्याकडे वळले. माझ्या वहीत सतरंजी होती, पंखा होता, मोबाइलवालं पोरगं होतं. पाळकांचं एक वाक्यही पुरतं आठवेना. मी खरं तेच सांगितलं, की तुमची नखं तेवढी लक्षात राहिली.

आबांनी हात उलटा करून नखं पाहिली. टिंब दिलं नाही, फुलीही मारली नाही. तांब्यातलं पाणी गोणपाटावर शिंपडून ते पुन्हा गुंडाळलं.

"आज चौथाच दिवस आहे," ते म्हणाले. "पाचव्याला परत मोजायचं असतं."