अंतर्वर्धित नख

अंतर्वर्धित नख : (रुतलेले नख). पायाच्या बोटाच्या नखाची बाजूची कड लगतच्या त्वचेत शिरल्याने तेथे वेदना, सूज व पुढे पू निर्माण होणाऱ्या विकारास ही संज्ञा देतात. तो बहुधा पायाच्या अंगठ्यास होतो. नखुरडे हा याहून निराळा विकार होय. त्यात नखाभोवतीच्या त्वचेत जंतुसंक्रामण होते, परंतु नख रुतलेले असतेच असे नाही. बोलीभाषेत मात्र दोन्हींना अनेकदा एकच नाव दिले जाते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांत वर्णिलेला चिप्प हा विकार नखुरड्याच्या अधिक जवळचा दिसतो.

कारणे : नख कापण्याची चुकीची पद्धत हे प्रमुख कारण होय. नखाचे कोपरे गोलाकार व खोल कापले असता कडेला एक अणकुचीदार तुकडा राहून जातो आणि नख पुढे वाढताना तो मांसात घुसतो. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्यास साधारणपणे १·५ मिमी. वाढते व संपूर्ण नवे नख येण्यास १२ ते १८ महिने लागतात. त्यामुळे कोपरा कापताच आराम वाटतो, पण त्रास मात्र काही आठवड्यांनी सुरू होतो. त्या वेळी मागील कापणीची आठवण कोणास राहत नाही. रुग्ण पुन्हा कोपरा कापतो, पूर्वीपेक्षा अधिक खोल कापतो आणि हे चक्र चालू राहते. पुढे निमुळती व घट्ट पादत्राणे, ठेच अथवा जड वस्तू पडून झालेली इजा, घाम, कवकसंसर्गाने जाड झालेले नख व नखाची जन्मजात वक्रता ही इतर कारणे होत. पौगंडावस्थेतील मुले व वृद्ध यांच्यात हा विकार विशेष आढळतो.

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार व त्याभोवतीच्या खेड्यांसारख्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात या कारणांना पावसाळ्याची जोड मिळते. सोयाबीन व तुरीच्या निंदणीच्या, डवरणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास चिकट चिखलात राहतात. भिजलेली त्वचा मऊ पडते व नखाची कड तीत सहज शिरते. त्यातच प्लॅस्टिकचे बंद बूट घातल्यास पाय कोरडा होण्यास वावच राहत नाही. पूर्वी नखे नराणीने काढली जात; आता दाढीच्या पात्याने कोपरा कोरण्याची सवय सर्रास दिसते. नराणी काय किंवा पाते काय, ते खोल गेले की परिणाम एकच होतो.

लक्षणे व घरगुती काळजी : प्रथम नखाची कड लाल होते व दाबल्यास दुखते, नंतर पू येतो, उपेक्षा केल्यास कडेला तांबडे, ओलसर व स्पर्श होताच रक्त येणारे मांसांकुर वाढून ते नखाचा काही भाग झाकतात. पहिल्या अवस्थेतील, अन्यथा निरोगी व्यक्तीस घरीच उतार पडू शकतो. दिवसातून तीन-चार वेळा १० ते २० मिनिटे पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवावा, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडा करावा आणि मऊ झालेल्या नखाच्या कडेखाली स्वच्छ कापसाची बारीक वात हलकेच सरकवावी. वात रोज बदलावी. बोटावर दाब येणार नाही अशी पुढून उघडी वहाण वापरावी. नख सरळ रेषेत, बोटाच्या टोकाबरोबर कापावे व कोपरे तसेच ठेवावेत. नखाच्या मध्यभागी खाच पाडल्यास कडा आत ओढल्या जातात ही समजूत निराधार आहे. नखाची वाढ मुळाशी होते, टोकाच्या खाचेचा तिच्याशी संबंध नसतो. कापलेले लिंबू बोटावर बसविणे, चुना-गूळ बांधणे हे उपाय उपयोगी नाहीत. बिब्ब्याचे तेल तर घातक होय. त्याने त्वचा भाजून फोड येतात व मूळ विकार झाकला जातो.

वैद्यकीय साहाय्य : दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास, पू वा मांसांकुर दिसल्यास, लाली पायावर पसरू लागल्यास, ताप आल्यास किंवा जांघेत गाठ (अवधाण) आल्यास वैद्याकडे जाणे आवश्यक ठरते. मधुमेही व्यक्तीने मात्र एक दिवसही थांबू नये. मधुमेहात तंत्रिकांची संवेदना मंदावते. नख रुतूनही दुखत नाही आणि ‘दुखत नाही म्हणजे बरे आहे’ असा समज होतो. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असल्यास जखम भरत नाही, संक्रामण हाडापर्यंत पोहोचते आणि बोट, क्वचित पायही, कापावा लागतो. म्हणून अशा रुग्णाने दररोज प्रकाशात तळपाय व बोटे पाहावीत. दृष्टी अधू असल्यास घरातील दुसऱ्याने पाहावीत. गरम पाण्याचा शेकही त्याने घेऊ नये, कारण भाजल्याचे त्यास कळत नाही. शेतातील माती व शेण यांचा जखमेशी संपर्क आल्यास धनुर्वाताचा धोका असतो. लशीची मात्रा घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असल्यास ती पुन्हा घ्यावी लागते. न भरणारी जखम अथवा नखाखालील पसरत जाणारा काळा पट्टा यांची तपासणी करून घ्यावी. क्वचित त्यामागे कर्करोग असतो.

शस्त्रक्रिया : बोटाच्या मुळाशी स्थानिक बधिरीकरणाचे अंतःक्षेपण देऊन नखाची केवळ रुतलेली कड उभी कापून काढतात व तेथील नख निर्माण करणाऱ्या ऊतकावर (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहावर) संहत फिनॉल लावून ते नष्ट करतात. (घरातील फरशी पुसण्याच्या फिनाइलाशी याची गल्लत करू नये.) यामुळे नख किंचित अरुंद होते, पण कड सहसा पुन्हा रुतत नाही. संपूर्ण नख उपटून काढण्याची जुनी पद्धत अधिक वेदनादायक असून, मूळ शाबूत राहिल्याने नवे नख पुष्कळदा पुन्हा रुतते. कड काढल्यावर संक्रामण बहुधा आपोआप ओसरते. प्रतिजैव औषधे प्रत्येकास लागत नाहीत. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. जखमेतून दोन ते चार आठवडे थोडा स्राव येत राहतो. तोपर्यंत पट्टी कोरडी ठेवावी आणि चिखलात उतरू नये. निंदणीचा हंगाम तोंडावर असेल तर पेरणीपूर्वीच, उन्हाळ्यात, ही शस्त्रक्रिया करून घेणे सोयीचे पडते.