लेकराचा एक-एक डोळा झाकून पाहा



बैलाच्या डोळ्यातून धार लागली की आपण लगेच ओळखतो. माशांमुळे डोळ्यात जंत पडले असतील म्हणून जनावराच्या डॉक्टरला बोलावतो. लेकराचा डोळा बिघडला तर मात्र ‘डोये आले असतीन, जातीन आठ दिवसात’ असे म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण माणसाच्या डोळ्यातही जंताची अळी शिरू शकते, आणि ती बहुधा एकाच डोळ्यात शिरते. गोम इथेच आहे. दुसरा डोळा शाबूत असल्याने मूल खेळते, शाळेत जाते, तक्रार करीत नाही. घरच्यांना कळेपर्यंत त्या डोळ्याची नजर गेलेली असते.

अळी येते कुठून?

कुत्र्याच्या पिल्लांना गोल जंत आईच्या पोटातूनच मिळतात. पिल्लांच्या विष्ठेतून अंडी अंगणात पडतात, दोन ते चार आठवड्यांत रोग देण्याजोगी होतात आणि मातीत महिनोन्महिने टिकतात. मातीचा हात लेकराच्या तोंडात गेला की अळी रक्तावाटे डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचू शकते. अशा वेळी डोळा लाल होईलच असे नाही. नजर कमी होते, डोळा तिरळा होतो किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसते.

दुसरी अळी डुकराच्या पट्टकृमीची. ‘आमच्या घरी डुकराचे मांस शिजत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. तिची अंडी हा कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात आणि न धुतलेला भाजीपाला, पाणी व हात यांतून पसरतात. डोळ्याजवळ गाठ होते, पापणी सुजते, डोळा पुढे येतो किंवा एकाचे दोन दिसतात.

तिसरा परजीवी जंत नव्हे, साचलेल्या पाण्यातला सूक्ष्म जीव आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तो बराच आढळतो. पापणीच्या आत तांबडा, मऊ कोंब येतो, त्यावर पांढरे ठिपके असतात आणि जरा धक्का लागला की रक्त येते. तो शस्त्रक्रियेने काढून तपासावा लागतो.

घरी काय करावे?

मुलाचा एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दहा फुटांवरून कॅलेंडरचे मोठे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. तान्ह्या बाळाचा चांगला डोळा झाकला तर ते रडते, हात ढकलते. दोन डोळ्यांत फरक वाटला की डॉक्टर गाठा. बाहुली पांढरी दिसली तर एक दिवसही थांबू नका. ती मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असू शकते.

निदान कसे होते?

डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पडदा पाहतात, गरज पडल्यास डोळ्याची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करतात. कुत्र्याचा जंत माणसाच्या आतड्यात वाढत नाही, म्हणून शौच तपासून तो सापडत नाही. ही सोय सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात होते. सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

मेडिकलमधून मनानेच थेंब आणू नका. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली जाते, रोग मात्र आत राहतो. जंताचे औषधही डोळ्यासाठी मनाने देऊ नका, कारण अळी डोळ्यातच मेली तर सूज येऊन नजर जाऊ शकते. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी पोटातल्या जंतांसाठी आहे. ती जरूर द्या, पण मुलाच्या डोळ्याची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गावाने काय करावे?

पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध सुरू करा. अंगणातली विष्ठा रोज उचलून पुरा. सांडपाण्यावर भाजी घेऊ नका, संडास वापरा, जेवणाआधी लेकरांचे हात साबणाने धुवा. सरपंच व सचिवांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक गावात येईल तेव्हा अंगणवाडी व शाळेतले प्रत्येक मूल हजर राहील हे पाहावे. प्रत्येक डोळा वेगळा तपासून घ्यावा, आणि दोष निघालेले मूल खरोखर रुग्णालयात गेले की नाही, याची आशाताईंकडून खात्री करावी.