जहाजाच्या इंजिनाचे शिक्षण

जहाजाच्या यंत्रांची विद्या मुंबईला नवी नाही. जहाजबांधणीसाठी ख्यातनाम असलेल्या वाडिया घराण्यातील अर्देशीर खरसेटजी यांनी १८३३ साली ‘इंडस’ या लहान जहाजात वाफेचे यंत्र बसवले, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो म्हणून त्यांची निवड झाली. त्याच सुमारास मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हाताखाली युरोपीय कारागीरही काम करत होते. एवढी उज्ज्वल सुरुवात होऊनही पुढे कित्येक दशके व्यापारी जहाजांवर भारतीयांच्या वाट्याला मुख्यतः भट्टीत कोळसा ओतणाऱ्या आगवाल्याचे आणि यंत्रांना वंगण देणाऱ्या तेलवाल्याचे कामच आले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, कोलकाता व मुंबई येथे सागरी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ‘डीएमईटी’ ही सरकारी संस्था उभी राहिली, आणि आज ती परंपरा भारतीय सागरी विद्यापीठाकडे आहे.

या विद्येचे वेगळेपण इंजिनातच आहे. मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन बहुधा मंदगती, दोन धावांचे डिझेल इंजिन असते. ते मिनिटाला साधारण शंभर किंवा त्याहून कमी फेरे घेते आणि मध्ये गिअर न घालता थेट पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, जोडलेले असते. त्यात जळणारे जड इंधन तेल हा शुद्धीकरण कारखान्यात उरलेला घट्ट गाळवजा अंश असल्याने, ते सिलिंडरात फवारण्याजोगे पातळ व्हावे म्हणून सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्याआधी ते प्युरिफायरमधून जाते. हे यंत्र तेल अतिवेगाने फिरवून त्यातील पाणी आणि ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक, कठीण कण वेगळे काढते. हे कण इंजिनात गेले तर सिलिंडरचे अस्तर, म्हणजे लायनर, घासून काढतात. प्युरिफायर उघडून एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या चकत्यांवरचा काळा चिकट गाळ पुसणे, रबरी कडी तपासणे, प्रत्येक भाग खुणेवर खूण जुळवून परत बसवणे, हे काम परंपरेने चौथ्या अभियंत्याचे, म्हणजे जहाजावरच्या बोलीतील ‘चार साब’चे, आणि नवशिक्याचा खरा अभ्यास त्याच्या शेजारी उभा राहूनच सुरू होतो, कारण बसवताना एक कडी दुमडली तर तेल नको त्या वाटेने वाहून जाते आणि चूक सर्वांदेखत उघडी पडते.

म्हणूनच या क्षेत्रात पदवीपेक्षा सक्षमतेचे प्रमाणपत्र मोठे मानले जाते, आणि ते योग्यच आहे. चार वर्षांच्या बी.टेक.नंतर सहा महिने प्रत्यक्ष जहाजावर काढल्याशिवाय नौवहन महासंचालनालयाच्या ‘क्लास फोर’ परीक्षेला बसता येत नाही. पुढे पुन्हा समुद्रावरील सेवा, मग क्लास टू, मग क्लास वन, अशा पायऱ्यांनी मुख्य अभियंत्याचे, ‘बडा साब’चे, पद गाठता येते. या परीक्षांत लेखी उत्तरांबरोबर तोंडी चाचणीही असते, आणि इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पेटीत, तेलाचे धुके साचल्याचा इशारा मिळताच काय करावे, असे विचारले असता, ‘वेग कमी करावा, इंजिन थांबवावे, पण ते थंड होईपर्यंत दार उघडू नये’ हे क्षणाचाही विलंब न लावता सांगता यावे लागते. घाईने दार उघडले तर आत हवा शिरून स्फोट होऊ शकतो. ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजावर १९४७ साली झालेल्या क्रँककेस स्फोटात २८ जणांचा बळी गेला.

खरी अडचण वर्गात नसून जहाजावरील त्या सहा महिन्यांच्या जागेत आहे. पदवी हाती असूनही जहाज न मिळालेला तरुण अर्ध्यावर अडकतो, आणि अशांच्या अगतिकतेवर दलालांचे फावते. तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शुल्क भरण्याआधी संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे का, आणि प्रशिक्षणार्थींना जहाजावर घेण्याची लेखी हमी कोणती नौवहन कंपनी देते, हे अवश्य तपासावे; भरती करणाऱ्या संस्थेचा परवाना पाहावा, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे नियमबाह्य असल्याने अशी मागणी करणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.