न्हाणीघरातील नवा टब व त्याची बैठक

कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या खाणींतून निघणारा थराथरांचा चुनखडी दगड महाराष्ट्रातील असंख्य स्वयंपाकघरांत व मोऱ्यांत पोहोचला आहे. बिदरच्या किल्ल्यात तर शाही हमामाची वास्तू अद्याप उभी आहे. स्नानगृहाचे बांधकाम या भागास नवे नाही. नवा आहे तो ॲक्रिलिकचा टब. जुनी न्हाणीघरे नव्याने बांधताना हा टब बसविण्यात जी घाई होते, तिच्याविषयी व्यापारी बंधूंशी दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

दुकानातील रिकामा टब दोन माणसे सहज उचलतात. म्हणून त्यास आधार तो काय लागणार, असा ग्राहकाचा समज होतो. परंतु 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो भार. त्यात 70 किलोचा मनुष्य व टबाचे स्वतःचे वजन मिळविले, म्हणजे आकडा 300 किलोंच्या घरात जातो. हा भार काठाने पेलावयाचा नसतो. भिंतीवरील आडवी पट्टी काठ समपातळीत ठेवण्यापुरती असते. भार तळामार्फत जमिनीवर गेला पाहिजे. तळाखाली पोकळी राहिल्यास टब दर स्नानास किंचित वाकतो, भिंतीलगतचा सांधा उकलतो आणि पाणी नकळत झिरपू लागते.

म्हणून प्रथम खालची फरशी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आल्यास ती उखडून पक्क्या मसाल्यात पुन्हा बसवावी. टबाच्या सूचनापत्रात मान्य असल्यास तळाखाली वाळू-सिमेंटचा मसाला घालावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि टब पाणसळीत येईपर्यंत दाबावा. निचऱ्याच्या तोंडाभोवतीची जागा मोकळी सोडावी. निदान एक दिवस आत कोणी उतरू नये. बिडाचा टब चार पायांवर उभा राहतो. तेथे प्रत्येक पायाखाली भरीव दगड हवा. निचऱ्याचे सांधे तपासल्यावर टब पाण्याने भरावा व मगच भिंतीलगतची फट सिलिकॉनने बुजवावी. कारण भाराखाली तो जेवढा खचावयाचा, तेवढा तोवर खचलेला असतो. दुरुस्तीसाठी एक झडपही ठेवावी. सिमेंटचे डाग काढण्यास ॲसिड मात्र वापरू नये; शहाबादी फरशीस ते खाते.

माळवदाच्या घरांत विशेष दक्षता हवी. वरच्या मजल्यावर टब मांडण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून तुळया तपासून घ्याव्यात. तेथील गळती माती व लाकूड मुकाट्याने शोषून घेतात. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजल्याचे घरधन्यास फार उशिरा कळते, आणि त्याच तुळईखाली मुले निजत असतात.

टब विकणारा एक, बसविणारा दुसरा आणि नुकसान सोसणारा तिसरा, असा बहुधा प्रकार असतो. विक्रेत्याने पावतीबरोबर एवढ्या गोष्टी ग्राहकास व गवंड्यास समजावून सांगितल्या, तर त्यास पैचाही खर्च नाही. आमचे व्यापारी बंधू ही प्रथा आपापल्या पेढीवर सुरू करतील, अशी आम्ही आशा करतो.