संथ विज्ञानपटाची गोडी



विज्ञानपट म्हटला की आकाशयाने, स्फोट आणि परग्रहावरचे विचित्र प्राणी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. यांपैकी काहीही न दाखविता मनाची पकड घेणाऱ्या एका चित्रपटाविषयी मी बोलणार आहे. आंद्रेई तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाचा १९७९ सालचा ‘स्टॉकर’ हा तो चित्रपट.

त्याचे कथानक तीन वाक्यांत सांगून होते. एका निषिद्ध प्रदेशात एक खोली आहे. तेथे पोचणाऱ्याच्या अंतरीची इच्छा पुरी होते, अशी समजूत आहे. एक वाटाड्या, एक लेखक आणि एक प्राध्यापक असे तिघे तिकडे निघतात. एवढ्यासाठी दोन तास चाळीस मिनिटे!

तो प्रदेश तरी कसा? एस्टोनियात टालिनच्या आसपास चित्रित केलेले गवत, साचलेले पाणी, गंजलेले लोखंड आणि पडक्या भिंती. मग भय कोठून येते? वाटाड्या लोखंडी नटाला चिंधी बांधून पुढे फेकतो आणि तो पडेल तेथवरच सोबत्यांना जाऊ देतो. समोरची वाट मोकळी दिसत असूनही तो वळसा घ्यायला लावतो. संकट पडद्यावर दिसत नाही. पण त्याची सावधगिरी आपल्याला लागते आणि गवताचे पाते हलले तरी आपण दचकतो.

संथपणाचे प्रयोजन ते हेच. आरंभी कंटाळा येतो, ही तक्रार खोटी नाही. तिघे रुळांवरच्या लहान गाडीतून जातात, तेव्हा कॅमेरा कितीतरी वेळ केवळ त्यांचे चेहरे आणि माना दाखवितो. चाकांचा खडखडाट तेवढा चालू असतो. मात्र ‘आता काय होणार’ ही घाई ओसरली, की आपण खरोखर पाहू लागतो.

आणि पाहायचे असते ते स्वतःकडेच. पूर्वी एकजण मेलेल्या भावाचे प्राण मागायला त्या खोलीत गेला होता. परतल्यावर त्याला मिळाले अमाप धन. त्याने गळफास घेतला. ओठांवरची प्रार्थना नव्हे, तर अंतरीची वासना तेथे फळते! हे उमगल्यावर आपले तिघे उंबरठ्यावरच बसून राहतात. आत कोणीच पाऊल टाकीत नाही.

त्या जागी आपण असतो, तर आत गेलो असतो काय? वेगवान चित्रपटाने या प्रश्नाला उसंतच दिली नसती.